दहा गुंठे, एकशे तीन यू-टर्न

थंडी पडली की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो... ‘या वीकेंडला पोपटी?’ मग दोन गाड्या निघतात आणि पनवेलच्या पुढे कुणाच्या तरी शेतावर मडकं लागतं. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, चिकन, अंडी. फोटो एकदम झक्कास! त्या शेंगा कुठून आल्या, हे मात्र धुरात कुणी विचारत नाही.

त्यांची सुरुवात भातकापणीच्या दिवसांत होते. कापणी झाली की खाचरात थोडी ओल उरते. पाऊस गेलेला असतो आणि पाणी द्यायची सोय बहुतेकांकडे नसते. त्या उरलेल्या ओलीवरच वाल पेरायचा. माती फार ओली असली तर नांगराला चिकटून बसते, आठवडाभर उशीर केला तर विटेसारखी कडक होते. मधली जी अवस्था, तो वाफसा. आपल्या बॉसची डेडलाइन एकवेळ पुढे ढकलता येते, वाफसा नाही.

पूर्वी दारात बैलजोडी असायची. आता वर्षभर बैल पोसणं परवडत नाही, म्हणून भाड्याचा ट्रॅक्टर. तो तासावर मिळतो आणि इथेच खरी गंमत आहे. बहुतेकांना वाटतं, जमीन लहान म्हणजे काम झटपट. नाही हो!

१ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. बिल्डरच्या भाषेत एक टू बीएचके, सुपर बिल्टअप. अशा १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा घ्या. एक बाजू साधारण १०४ फूट. नांगराचा एक फाळ एका वेळी फूटभर रुंद तास काढतो असं धरलं तर १०४ फेऱ्या, म्हणजे १०३ वळणं. एका वळणाला २० सेकंद धरले तरी ३४ मिनिटं नुसती वळण्यात. आता तीच १० गुंठे जमीन ३३ बाय ३३० फुटांची पट्टी असेल तर? ३२ वळणं, जेमतेम ११ मिनिटं. नांगरट तेवढीच, सव्वातीन किलोमीटर. बिल मात्र वेगळं. आपल्याकडे तर १० गुंठे सलग क्वचितच असतात. मध्ये बांध, तीन-चार खाचरं, एकेकाचा आकार वाकडातिकडा.

तरी हे जमतं, त्याचं श्रेय हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश माणसाला द्यायला हवं. आधी नांगर ट्रॅक्टरमागे गाडीसारखा ओढला जाई, वळायला मैदान लागे. फर्ग्युसनने नांगर मागच्या तीन सांध्यांवर टांगला आणि हायड्रॉलिक्सवर उचलायची सोय केली. १९३९ मध्ये ही रचना फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर पसरली. बांध आला की लिव्हर ओढा, नांगर हवेत, वळा, परत खाली.

नांगर पलटी असेल तर आणखी बरं. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, त्यामुळे कुठे चर, कुठे उंचवटा राहतो. पलटी नांगर टोकाला उलटवून त्याच तासाशेजारून परत येता येतं आणि खाचर सपाट राहतं. भाताला हे लागतंच, कारण पावसाळ्यात पाणी सगळीकडे सारखं उभं राहायला हवं. आणि दादा, कितीही जोर असला तरी खोल घालू नका! खाचराखालचा घट्ट थर पाणी धरून ठेवतो. तो फुटला की पाणी झिरपून गेलंच म्हणून समजा. इथे १५-२० एचपीचा मिनी ट्रॅक्टर मोठ्या धुडापेक्षा शहाणा.

पण सगळ्यात मोठी अडचण इंजिनची नाहीच. खाचरांना रस्ता नसतो. आपल्या तुकड्यापर्यंत ट्रॅक्टर जातो तो दुसऱ्यांच्या खाचरांतून. पुढच्याचं भात उभं असेल तर आपण अडकलो. आणि हा पुढचा कोण? पुष्कळदा आपल्यासारखाच, बेलापूरला नाहीतर अंधेरीला नोकरी करणारा. सातबाऱ्यावर आठ नावं, ट्रॅक्टरवाल्याला फोन कोणी करायचा हे एकाचंही ठरलेलं नाही. १९७० नंतर सिडकोसाठी इथल्या जमिनी गेल्या, २०२५ मध्ये विमानतळही सुरू झाला. त्यातून उरलेले तुकडे आता भावाभावांत वाटले जाताहेत. ट्रॅक्टरवाला आधी सलग दोन एकरवाल्याकडे जातो, त्याला दोष कसा देणार? आपली पाळी येईपर्यंत वाफसा गेलेला असतो आणि तुकडा पडीक.

उपाय फार हायफाय नाही. बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी कापणी उरकायची आणि ट्रॅक्टर एकदाच बोलवायचा. गणपतीला घरी जालच, तेव्हा पुढच्या खाचराच्या काकांना विचारून ठेवा, कापणी कधी धरताय. आणि जाताना कुदळ शोधून ठेवा. कोपऱ्यात ट्रॅक्टर पोचत नाही.