वड्याचें तेल वांग्यावर

आमच्या कचेऱ्यांतून एक प्रश्न रोज सकाळीं विचारला जातो, आणि त्याचें उत्तर कोणालाच नको असतें. काम सुरू होऊन अर्धा तास झालेला असतो, सर्वांची हजेरी लागलेली असते, आणि एक खुर्ची रिकामी असते. तिच्याकडे पाहून कोणी तरी शेजाऱ्यास म्हणतो, "आजहि नाहींत वाटतें?" शेजारी भुवया उंचावतो, किंचित् हंसतो, आणि पुन्हां कागदांत डोकें घालतो. एवढ्यावर खटला चालला, पुरावा झाला, आणि शिक्षाहि ठोठावली गेली. आरोपी मात्र त्या वेळीं घरीं अंथरुणावर असतो.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कचेरींतील रजांची चर्चा कशाला, असें एखादा रसिक वाचक विचारील. आमचें उत्तर असें कीं, आमचा नोकरदार वर्ग आपल्या जागेपणाचा निम्मा वेळ कचेरींत घालवितो. तेथें तो जी भाषा बोलतो तिची परीक्षा साहित्याच्या पानांवर नाहीं व्हावयाची, तर कोठें? 'त्यांची प्रकृति फार नाजूक', 'त्यांचें काय बुवा, मजा आहे', 'आम्हांला आजारी पडायला सवड नाहीं' हीं वाक्यें आमच्या बोलण्यांत इतकीं रुळलीं आहेत कीं, त्यांतील विष आतां जिभेस लागतहि नाहीं. तें विष कोठून येतें आणि कोणावर ओतलें जातें, हें पाहण्याचा आमचा आजचा हेतु आहे.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं आम्हांस स्वतःचा जबाब दिला पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही विदर्भांतील एका जिल्ह्याच्या गांवीं सरकारी कचेरींत नोकरीस होतों. आमच्या शाखेंत मंजूर पदें सहा, भरलेलीं चार. त्या चौघांत एक बाई होत्या, आणि निवृत्तिवेतनाचीं प्रकरणें त्यांच्याकडे असत. महिन्यांतून दोन-चार दिवस त्या हमखास गैरहजर राहत. कधीं सोमवारीं, कधीं ऐन हिशेबाच्या आठवड्यांत, आणि पूर्वसूचना म्हणून कधीं नाहीं. परत येत तेव्हां चेहरा थोडा फिकट दिसे, एवढेंच. ताप नाहीं, खोकला नाहीं, हातापायाला पट्टी नाहीं. आजार म्हटला कीं तो दुसऱ्यास दिसला पाहिजे, अशी आमची समजूत होती.

त्यांच्या टेबलावरचें काम त्या दिवशीं आम्हां तिघांवर पडे. निवृत्त शिक्षक खेड्यांतून एस. टी. नें येऊन दारांत उभे राहत. 'बाई आज नाहींत, पुढच्या आठवड्यांत या' असें त्यांस सांगावयाचें, आणि त्यांची नाराजी ऐकून घ्यावयाची, हेंहि आमच्याच वांट्यास येई. हळूहळू आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तांबड्या पेन्सिलीनें बाईंच्या गैरहजेरीच्या खुणा करूं लागलों. वर्षाअखेर त्या मोजल्या. छत्तीस भरल्या. मोजतांना आम्हांस जें समाधान वाटलें, त्याची आज लाज वाटते. आम्ही तिघांनीं सह्या करून साहेबांस अर्ज दिला कीं, या रजांची वैद्यकीय शहानिशा व्हावी.

शहानिशा झाली. बाईंनीं दवाखान्याचा कागद आणून दिला. त्यावर 'सिकलसेल' असें लिहिलेलें होतें. विदर्भांत आणि नंदुरबारकडे हा रोग अपरिचित नाहीं. तो आईबापांकडून रक्तांत येतो. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत व सांध्यांत असह्य कळा सुटतात. थंडी, श्रम, ताप, पाणी कमी पडणें, असें कोणतेंहि निमित्त त्यास पुरतें. चार दिवसांनीं कळा ओसरल्या कीं तोच मनुष्य चालूंबोलूं लागतो, आणि पाहणारास वाटतें, 'याला झालें तरी काय होतें?' अपंगांच्या हक्कांचा जो कायदा २०१६ सालीं झाला, त्यानें मान्य केलेल्या एकवीस प्रकारच्या अपंगत्वांत हा रोग आहे; आणि सरकारी आस्थापनेनें अशा कर्मचाऱ्यास योग्य त्या सोयी दिल्या पाहिजेत, असें तोच कायदा सांगतो. सोयी राहोत, आम्हीं बाईंना साधी खासगी गोष्ट खासगी ठेवण्याची सोयहि ठेवली नाहीं. तो कागद साहेबांच्या टेबलावरून नस्तींत जाईपर्यंत तीन हातांतून गेला, आणि संध्याकाळीं चहाच्या टपरीवर त्याची चर्चा झाली. बाईंनीं इतकीं वर्षें तोंड कां मिटलें होतें, हें आम्हांस तेव्हां कळलें. घरांत धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणीं चाललीं होतीं. आणि आनुवंशिक रोगाचें नांव निघालें म्हणजे आमच्या समाजांत वरपक्षाचीं पावलें कशीं मागें वळतात, हें कोणास सांगावयास नको. त्या बोलण्यांचें पुढें काय झालें, हें बाईंनीं आम्हांस सांगितलें नाहीं. विचारण्याचा अधिकार आम्हीं गमावला होता. दोन महिन्यांनीं त्यांनीं बदली मागून घेतली.

आतां या हकीकतीचा खरा भाग ऐकावा. बाईंच्या जागीं कोणीहि आलें नाहीं. मंजूर पदें सहाच राहिलीं. भरलेलीं तीन उरलीं. पूर्वीं महिन्यांतून दोन-चार दिवस पडणारें काम आतां रोज पडूं लागलें, आणि आश्चर्य हें कीं, आमचा संताप मात्र नाहींसा झाला! रागावण्यास समोर कोणी मनुष्यच उरला नव्हता. तेव्हां आम्हीं प्रथमच नीट हिशेब केला. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशें धरले, तर रिकाम्या ठेवलेल्या दोन पदांची गैरहजेरी वर्षास ५०० दिवसांची होत होती. बाईंची ३६. आम्हीं ३६ दिवसांसाठीं तांबडी पेन्सिल झिजविली, आणि ५०० दिवसांसाठीं एकहि खूण केली नाहीं. त्या दोन खुर्च्यांना नांव नव्हतें, चेहरा नव्हता, त्यांच्या साडीची किंवा डब्याची चर्चा करतां येत नव्हती. म्हणून त्या आम्हांस दिसल्याच नाहींत. यालाच आमच्या भाषेंत वड्याचें तेल वांग्यावर काढणें म्हणतात.

कोणी म्हणेल, 'हें सर्व ठीक. पण आमच्यावर पडणारा बोजा खोटा आहे काय?' मुळींच नाहीं. तो पूर्ण खरा आहे, आणि जो कोणी निरोगी सहकाऱ्यास 'जरा समजून घ्या' एवढा कोरडा उपदेश करून मोकळा होतो, तो त्याची थट्टा करतो. दुसऱ्याचें काम जो करतो त्यानें त्याचा मोबदला मागावा, नोंद मागावी, मदतनीस मागावा. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ही मागणी ज्याच्या हातांत तिजोरी आहे त्याच्याकडे गेली पाहिजे. अंथरुणावर पडलेल्या मनुष्याकडे ना तिजोरी, ना नेमणुकीचा अधिकार. आग रामेश्वरीं लागली असतां बंब सोमेश्वरीं नेऊन काय होणार?

दुसरा आक्षेप असा कीं, ही रजा म्हणजे फुकटची चैन आहे. हा आक्षेप घेणारांनीं रजेचे नियम एकदां उघडून पाहावे. राज्य सरकारच्या नोकरास वर्षाकांठीं २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण वेतनाच्या परावर्तित रजेंत बदलून घेतां येते; पण मग खात्यांतून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे वीस दिवसांचे दहाच उरतात. तेंहि संपलें म्हणजे अर्जित रजा, आणि शेवटीं बिनपगारी. आजारी मनुष्य आपल्याच खात्यांतील ठेव काढून खात असतो, आणि ती संपत आल्याची धास्ती त्याला आपल्यापेक्षां अधिक असते. शेजाऱ्यानें आपलें बँकेतील खातें रिकामें केलें म्हणून कोणी त्याचा मत्सर करीत नाहीं. येथें मात्र करतो!

तिसरा आक्षेप लबाडांचा. खोटीं प्रमाणपत्रें आणून लग्नकार्यें उरकणारे लोक आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांची चौकशी करण्यास वरिष्ठ आहेत, वैद्यकीय मंडळें आहेत. त्यांनीं ती जरूर करावी. परंतु शेजारच्या टेबलावरील कारकुनास नाडीपरीक्षेची सनद कोणीं दिली? दहांतील एक लबाड सांपडावा म्हणून नऊ खऱ्या रुग्णांना रोज चोरासारखें वागविणें हा न्याय नव्हे. आणि ज्यांस 'आम्ही अंगांत ताप असतांहि कामावर येतों' याचा अभिमान वाटतो, त्यांनीं २०२० सालची आठवण करावी. ताप घेऊन कचेरींत येणें म्हणजे आपला आजार दहा जणांस वांटणें, हें त्या वर्षीं साऱ्या जगानें पाहिलें. जी गोष्ट लपवावयास हवी ती मिरविण्याचे दिवस तेव्हांच संपले.

मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. उद्यां कोण आजारी पडेल हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. परंतु शंभर माणसांत वर्षभरांत कोणी ना कोणी आजारी पडणार, हें सूर्योदयाइतकें निश्चित आहे. एकाचें आजारपण हा अपघात असतो, शंभरांचें आजारपण हा हिशेब असतो. या हिशेबाच्या पायावरच जर्मनींत बिस्मार्कच्या अमदानींत, १८८३ सालीं, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला. आमच्याकडे प्रा. बी. पी. अडारकर यांनीं १९४४ सालीं सरकारास अहवाल सादर केला आणि त्यांतून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला; त्या योजनेंत आजारी कामगारास वर्षांतून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम ठरली. रेल्वेकडे पाहा. एखाद्या चालकास ताप आला म्हणून गाडी स्टेशनांत उभी राहत नाहीं, आणि दुसऱ्या चालकानें चोवीस तास जागावें अशीहि अपेक्षा नसते; कारण रजेवर जाणारांच्या जागीं लागणारीं राखीव माणसें पदसंख्येंतच धरलेलीं असतात. फार कशाला, मुंबईच्या गिरण्यांच्या दारांत सकाळीं बदली कामगार उभे असत. त्या पद्धतींत बदलीवाल्यावर मोठा अन्याय होई, कारण बोलावणें न आलें तर त्या दिवसाची मजुरी बुडे. परंतु माणसें आजारी पडतात एवढी साधी गोष्ट त्या गिरणीमालकांसहि ठाऊक होती. आमच्या कचेऱ्यांस ती अद्याप कळावयाची आहे. तेथें सहांचें काम चौघांकडून करवून घेतलें जातें, आणि चौघांपैकीं एक पडला कीं उरलेले तिघे परस्परांचे डोळे काढूं लागतात. माणसें कमी ठेवून जो पैसा वांचतो, तो कोणाच्या पाठीवरून वांचतो, हें विचारण्याचें भान त्या भांडणांत कोणासच राहत नाहीं. काटकसर करणारास याहून स्वस्त पहारेकरी कोठें मिळणार?

म्हणून आमची सूचना अशी. सहकाऱ्याच्या रजांचा तक्ता करण्याची हौस ज्यांस असेल, त्यांनीं तो अवश्य करावा. मात्र त्याच कागदावर पहिल्या ओळींत रिकाम्या पदांचे दिवस लिहावे. मग सर्वांनीं, आजारी सहकाऱ्यासह, त्यावर सही करावी आणि चार गोष्टी मागाव्या: रिकामीं पदें भरावीं, रजेवरील माणसाच्या कामासाठीं राखीव माणूस असावा, तो मिळेपर्यंत त्या कामाची वांटणी तोंडी न होतां लेखी व्हावी, आणि आजाराचा कागद लखोट्यांत बंद होऊन एकाच अधिकाऱ्याच्या हातीं जावा. आजारी मनुष्याकडूनहि एक अपेक्षा रास्त आहे. आपल्या रोगाचें नांव त्यानें कोणास सांगूं नये, पण आपल्या टेबलावरचें कोणतें प्रकरण कोठवर आलें आहे, याचें टिपण मात्र ठेवावें. तेवढ्यानें दारांत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शिक्षकाचा हेलपाटा वांचतो.

आमच्या हातून जें झालें तें परत फिरवितां येत नाहीं. तो अर्ज आमच्या हस्ताक्षरांत होता, हें आम्ही येथें लिहून ठेवतों. वाचकांपैकीं पुष्कळांच्या कचेरींत उद्यां सकाळीं एक खुर्ची रिकामी असेल, आणि कोणी तरी त्यांच्याकडे पाहून भुवया उंचावील. त्यांनीं त्या वेळीं हंसूं नये. मान वळवून शाखेंत आणखी किती खुर्च्या वर्षानुवर्षें धूळ खात पडल्या आहेत, तेवढ्या मोजाव्या, आणि तो आंकडा मोठ्यानें सांगावा.