चिखलदरा : पलटणीच्या विसाव्यापासून सहलीच्या पॉइंटपर्यंत

विदर्भातल्या घराघरांत एप्रिल सरताना एकच बेत शिजतो, चिखलदरा. अमरावती-अकोल्याची काहिली सोडून परतवाड्याचा घाट चढला की हवा बदलते. मुले मक्याची कणसे खातात, पॉइंटवर फोटो काढतात, संध्याकाळी परत. ही जागा सहलीसाठी शोधलेलीच नव्हती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

हैदराबाद रेजिमेंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ साली इथे पोहोचला, तो थंड हवेसाठी. खाली एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, इथे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची छावणी होती. वऱ्हाडचा उन्हाळा आणि ताप गोऱ्या अधिकाऱ्यांना सोसत नसे. सुमारे अकराशे मीटर उंचीवरचे हे पठार त्यांना औषधासारखे वाटले. बंगले उभे राहिले, कॉफी लावली गेली. ती कॉफी आजही इथे पिकते. मेळघाटचे कोरकू लोक मात्र साहेबांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून या डोंगरात राहत होते. तेव्हा 'रॉबिन्सनने शोध लावला' हे वाक्य मी वर्गात जरा हसूनच वाचते.

पण साहेबाआधी वीस वर्षे याच डोंगरावर रक्त सांडले होते. चिखलदऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर गाविलगड आहे. १८०३ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे होता, किल्लेदार बेनीसिंग. नोव्हेंबरअखेर अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन गडावर चालून आले. दक्षिणेकडचा कडा फार उभा, म्हणून स्टीव्हन्सनच्या माणसांनी डोंगरातून वाट फोडत अवजड तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला, शिबंदीतले फार थोडे वाचले. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. पुढे १८५८ मध्ये तात्या टोप्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी गडाची तटबंदी निकामी केली. म्हणजे लढाऊ गड मोडायचा आणि शेजारी विसाव्याचे बंगले राखायचे!

गड त्याहून कितीतरी जुना. फरिश्ता लिहितो की १४२५ च्या सुमारास अहमदशाह वली बहमनीने तो बांधला. पुढे फतहउल्लाह इमादुल्मुल्कने त्याची डागडुजी केली आणि १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतःची इमादशाही उभी केली. हा फतहउल्लाह मूळचा विजयनगरचा, हिंदू घरातला. लहानपणी कैद होऊन बहमनी राज्यात आला आणि मुसलमान म्हणून वाढला. गडाच्या दिल्ली दरवाजावर वाघ कोरलेले आहेत आणि हत्ती धरलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षीही. तो पक्षी विजयनगरची आठवण असावा, असे जाणकार मानतात. एका मुसलमान सुलतानाच्या दरवाजावर त्याच्या जन्मभूमीचे चिन्ह! मुलांना इतिहास शिकवायला याहून चांगले पान मला अजून मिळालेले नाही.

आत पडकी जामा मशीद आहे, तलाव आहेत, गवतात तोफा आहेत. गडावर फारसी लेखही आहेत. ते बघायला मुद्दाम थांबणारे मला क्वचितच दिसतात. उलट जवळपासच्या दगडांवर कुणी बदाम कोरतो, कुणी स्वतःचे नाव, आणि त्यात आपली नावेही असतात, हे बघून लाज वाटते. आपल्या घरातले जे मूल मदरशात किंवा शाळेत उर्दू शिकते, त्याला त्या लेखातली अक्षरे ओळखू येतात. नाव, सन, एखादा 'बिन' किंवा 'शाह' ते सहज टिपते. सगळे कळणार नाही, फारसी आहे ती. पण समोरच्या दगडावर आपली ओळखीची लिपी बघून त्याचा चेहरा कसा होतो ते बघाच.

तेव्हा यंदा सकाळी आधी गडावर जा, पॉइंट नंतर. परिसर जंगलाचा आहे, अंधार पडायच्या आत परत फिरा. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, लहानग्यांचा हात सोडू नका. पाणी सोबत ठेवा, वही आणि पेन्सिलही. लेखावर खडू किंवा कोळसा घासू देऊ नका. बघून वहीत उतरवायला सांगा आणि घरी आल्यावर ती वही दादा-नानांसमोर ठेवा.