आमच्या जलशात यहुदी मूल का नको?

उर्दू शाळेच्या सालाना जलशात काय काय असते? हम्द, नात, एखादी कव्वाली, टिपू सुलतानची तलवार आणि शेवटी हुंड्याविरुद्धचे नाटुकले. हे सारे चांगलेच आहे. पण दुसऱ्या महायुद्धात जीव मुठीत धरून पळणाऱ्या एका ज्यू कुटुंबाचे नाटक आठवी-नववीच्या मुलांनी करावे, असे सुचवून पाहा. लगेच विचारले जाते, "यहुद्यांचं दुःख आपल्या पोरांनी कशाला रंगवायचं? गाझात काय चाललंय ते दिसत नाही का?" अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात उर्दू माध्यमात शिकवणारे आम्ही या प्रश्नाला बगल देणार नाही.

आधी नाटकाची गोष्ट ऐका. ती खरी आहे. युगोस्लाव्हियातील नोव्ही साद शहरात मोशे मांडिल यांचा फोटो स्टुडिओ होता. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्या. बायको, मुलगा आणि मुलगी यांना घेऊन मांडिल पळाले. कोसोव्होत त्यांनी कैद भोगली, मग ते अल्बेनियात पोचले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन तिथेही आले. तिरानाच्या एका स्टुडिओत रेफिक वेसेली हा १७ वर्षांचा मुसलमान मुलगा काम शिकत होता. त्याने या कुटुंबाला डोंगरवाटेने क्रुयाला, आपल्या घरी नेले. त्याचे आईवडील वेसेल आणि फातिमा यांनी मांडिल नवराबायकोला गोठ्यावरच्या खोलीत लपवले आणि त्यांच्या मुलांना गावातले कपडे घालून आपल्या मुलांत मिसळून टाकले. नोव्हेंबर १९४४ मध्ये जर्मन हटले, तोवर बातमी फुटली नाही. चौघेही वाचले. दिलेला शब्द पाळण्याच्या या रीतीला अल्बेनियात 'बेसा' म्हणतात. या नाटकाचा नायक मुसलमान पोरगा आहे, आमच्या दहावी-बारावीच्या वयाचा. तरीही ते आम्हाला परके वाटते!

एका जिवाचे मोल सांगणारी सूरह माइदाची ३२ वी आयत आपल्या वक्त्यांना तोंडपाठ असते. शांतता परिषदेत ती हमखास ऐकवली जाते. तिच्या सुरुवातीलाच बनी इस्राईलचा उल्लेख आहे, तेवढा मात्र गाळला जातो. वेसेली कुटुंबाने तो गाळला नाही.

आता गाझा. हा प्रश्न खोटा नाही. १९४८ मध्ये लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने शेकडो निःशस्त्र माणसे मारली आणि त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातील हजारो मुले मेली. याचा जाब राज्यकर्त्यांना विचारा. क्रुयाच्या गोठ्यावर दडलेल्या आईबापांना तो कसा विचारता? देशात कुठे स्फोट झाला की आपणच म्हणतो, चौघांच्या गुन्ह्यासाठी साऱ्या कौमला दोषी धरू नका. हाच न्याय यहुद्यांना लावताना आपली जीभ का अडखळते?

आपल्यातले काही जण तर "हिटलरने बरोबरच केले" असे बोलून जातात. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की हिटलरचे आत्मचरित्र मराठीतही खपते, ते कोण वाचतो आणि कशासाठी, याचा विचार करा. १९३९ साली गोळवलकरांच्या नावाने निघालेल्या पुस्तकात जर्मनीने ज्यूंना हाकलले हा हिंदुस्थानसाठी धडा मानला होता. संघाने पुढे त्या पुस्तकापासून अंग काढून घेतले, पण धडा कोणासाठी गिरवायचा होता ते उघड आहे. हिटलरला टाळी देणारा मुसलमान आपल्याच घराच्या आगीला हवा घालतो.

ही गोष्ट आपल्या गावापासून फार लांबचीही नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच इंग्रजांनी हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना नगरच्या छावणीत डांबले. त्यांत हिटलरच्या जाचातून सुटून आलेले ज्यूही होते. नात्झी आणि नात्झींपासून पळालेले, दोघेही एकाच तारेच्या आत, कारण कागदावर दोघेही 'शत्रूराष्ट्राचे'! चौकशीनंतर अनेक ज्यूंना सोडण्यात आले. १९४२ पासून नगरच्या किल्ल्यात मौलाना आझाद कैदेत होते, म्हणून 'गुबार-ए-खातिर'चे नाव घेताना आमची छाती फुगते. तारेमागच्या त्या निर्वासितांचे नाव आम्ही कधी घेत नाही. कागदावरचा एक शब्द माणसाला परका ठरवतो, हे मुसलमानांना तरी समजावून सांगावे लागू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे. टिपूची तलवार राहू द्या, तिच्या शेजारी फातिमा वेसेलींचा गोठाही उभा करा. त्याला एक शिडी, दोन घोंगड्या आणि सहा-सात मुले पुरतात. नाटक पाहायला शेजारच्या मराठी शाळेच्या मुलांना बोलवा. गाझातल्या मुलांसाठी बोलायचे असेल तर त्याच मंचावरून बोला, नाटक संपल्याबरोबर. तेव्हा ऐकणाऱ्यांना तुमच्या शब्दावर भरवसा बसेल.