गळपट्टा की छातीपट्टा?

परवा खोपटच्या एस्टी स्थानकाजवळ आमच्या शेजारच्या वहिनी पडता पडता वाचल्या. घरचा दांडगा कुत्रा मांजर पाहून उधळला, आणि साखळी मनगटाभोवती गुंडाळलेली! दोष कुत्र्याचा नव्हे. साधनाचा व शिकवणुकीचा.

ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्याचा ताण श्वासनलिकेवर पडतो. पाठीवर कडी असलेला छातीपट्टा गळा वाचवितो खरा. परंतु खांद्यावर जू घेतलेल्या बैलाप्रमाणे कुत्र्यास ओढावयास अधिकच जोर येतो. म्हणून बलवान कुत्र्यास छातीपुढे कडी असलेला पट्टा घ्यावा. ओढ घेताच त्याचे अंग बाजूस वळते व जोर मोडतो. कारवान किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्याचे डोके मानेच्या मानाने अरुंद असते. साधा गळपट्टा त्यावरून सहज निसटतो. त्यास रुंद व ताणल्यावर बेताचाच आवळणारा पट्टा बरा. कोणत्याही पट्ट्याखाली दोन बोटे सरकावीत.

तथापि पट्टा म्हणजे शिक्षण नव्हे. दोरी ताणली की थांबावे, सैल पडली की चालावे. आजोबा थांबतील व नातू धावू देईल, तर मुक्या जनावराने काय शिकावे? घरात नियम एकच असावा. आणि दोरी मनगटास कधीही गुंडाळू नये.