आधी कान, मग पाना
पॉवर विंडोची काच अर्ध्यावर अडकायला पावसाळ्याचाच मुहूर्त शोधते, असा माझा जुना संशय आहे. मग गॅरेज, आणि संध्याकाळी मोटरसकट अख्खी असेंब्ली बदलल्याचं बिल. त्याआधी दाराला नुसता कान लावावा. बटण दाबल्यावर आतून घरघर येते पण काच हलत नाही, म्हणजे मोटर बहुधा ठीक आहे. काच वरखाली करणाऱ्या रेग्युलेटरची केबल तरी तुटली आहे, नाहीतर काच धरणारी प्लास्टिकची क्लिप. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा, मग स्विच, मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी. दाराच्या उघडझापीने त्या आतल्या आत तुटतात. काच रडतखडत चढत असेल तर बऱ्याचदा दोष कडेच्या रबरात साचलेल्या धुळीचा. ते पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की भागतं. (घरातलं तेल सोडू नका, धूळ आणखी चिकटेल.) इथवर घरी जमतं. दाराचं पॅड उघडणं मात्र वेगळं. क्लिपा हमखास तुटतात, आणि आतला प्लास्टिकचा पडदा नीट चिकटवला नाही तर पाणी थेट पायाखाली. दारात एअरबॅगचा सेन्सर असलेल्या गाडीला तर मी हातही लावणार नाही. पण गॅरेजात गेलात तरी जुना भाग मागून घ्या, आणि फक्त केबलचा किट मिळतो का ते विचारा. बऱ्याच मॉडेलांसाठी मिळतो, पण तो बसवण्यात मेकॅनिकचा वेळ जातो, म्हणून तो आपणहून सांगत नाही.