पिवळा दिवा आपल्यालाही वाचता यावा!

घरातल्या वस्तूंची दुखणी बायकांइतकी कुणाला कळत नाहीत. मिक्सरचा आवाज बदलला की भांड्याचं कपलर गेलं, हे आपण शेजारच्या खोलीतून सांगतो. कुकरची शिट्टी होत नसली तर रिंग सैल झाली की शिट्टीत डाळ अडकली, हे झाकण न उघडता ओळखतो. शिलाई मशीन, फ्रिज, बोअरची मोटार, सगळ्यांची नाडी आपल्या हातात. पण दारातल्या चारचाकीत एक पिवळा दिवा लागला, की आपण एकदम गप्प! "ह्यांना येऊ द्या, मग बघू." घर सोडलं तर सगळ्यात महागडी वस्तू तीच, आणि नेमकं तिच्याबद्दल आपण बोलायचं नाही, असं जणू ठरूनच गेलेलं आहे.

मैत्रिणींनो, पूर्वी हे चालून जात होतं, कारण गाडी घरात नव्हती आणि असली तरी चालवणारे पुरुषच होते. आता तसं राहिलेलं नाही. आमचं चौसाळा सोलापूर-धुळे महामार्गावर, बीड आणि धाराशिवच्या मध्ये. इथे पुण्या-मुंबईकडून आलेल्या सेकंडहँड गाड्या आता दारोदारी दिसतात. मालक नोकरीला बाहेरगावी असतो आणि गाडी घरी. मग सासऱ्यांना बीडच्या दवाखान्यात न्यायचं, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचं, पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीला जायचं, तर स्टीअरिंगवर सूनबाईच असते. अशा वेळी मांजरसुंब्याच्या घाटात तो पिवळा दिवा लागला तर तिनं काय करायचं? गाडी उभी करायची की पुढे न्यायची? फोन कुणाला लावायचा? आणि गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा खरा की फुगवलेला, हे कसं ओळखायचं?

यासाठी एक छोटंसं यंत्र बाजारात आहे. गॅरेजवाले त्याला 'स्कॅनर' म्हणतात. आजच्या गाडीत एक कॉम्प्युटर असतो आणि त्याला माहिती देणारे बरेच सेन्सर असतात. काही बिघडलं की हा कॉम्प्युटर तो पिवळा दिवा लावतो आणि बिघाडाचा पाच अक्षरा-अंकांचा एक कोड आपल्या स्मरणात ठेवतो. स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर बसवला, चावी फिरवली की तो कोड वाचता येतो. बस, एवढंच! तेल लागत नाही, पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत.

हे सॉकेट काही कंपन्यांनी उपकार म्हणून दिलेलं नाही. गाड्यांच्या धुराने हवा खराब व्हायला लागली, तेव्हा सरकारांनी कायदा केला की धुराशी संबंधित बिघाड गाडीनं स्वतः ओळखला पाहिजे आणि तो कुणालाही वाचता आला पाहिजे. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना हे बंधनकारक झालं. त्याला 'ओबीडी-२' म्हणतात. आपल्याकडे बीएस-४ च्या मोटारींना २०१३ पासून ते लागू झालं. बीएस-४ चं मानक मात्र सगळ्या देशात १ एप्रिल २०१७ ला आलं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. म्हणजे गेल्या आठ-नऊ वर्षांतली पेट्रोल किंवा डिझेल गाडी असेल तर स्कॅनर चालायला हवा. त्याआधीची असेल तर आधी कुणाचा तरी लावून बघावा, मगच पैसे घालावेत. विजेवरच्या गाडीसाठी मात्र हा साधा स्कॅनर घेऊ नये, त्याचा फारसा उपयोग नाही.

आता माझं म्हणणं स्पष्ट सांगते. हा स्कॅनर घरी गाडी दुरुस्त करण्यासाठी घ्यायचा नाही. तो घ्यायचा तो नीट प्रश्न विचारता यावा म्हणून. साखर मोजायचं यंत्र आता किती तरी घरांत आहे. ते घरी आलं म्हणून आपण डॉक्टर झालो का? नाही. पण डॉक्टरांसमोर बसताना "कसंतरी होतंय" असं न म्हणता "तीन दिवस उपाशीपोटी एवढी आली" असं सांगता येतं आणि डॉक्टरही मग वेगळ्या नजरेनं ऐकतात. गाडीचंही तसंच आहे.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. दिवा लागला म्हणून तिनं गाडी एका ठिकाणी दाखवली. "ताई, ईसीएम गेलंय, मोठं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना पाठवा." आकडा ऐकूनच तिचे पाय गळाले. तिच्या पुतण्याकडे स्कॅनर होता. कोड निघाला पी ०११३, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा फेरा कुठेतरी तुटलाय. तो कागदावर लिहून ती दुसऱ्या मेकॅनिककडे गेली. त्यानं बॉनेट उघडलं, वायरवर हात फिरवला आणि हसायलाच लागला. उंदरानं वायर कुरतडली होती! वायर जोडली, टेप गुंडाळली, काम झालं. पहिला माणूस लबाड होता की त्याला खरंच समजलं नव्हतं, देव जाणे. पण हातातल्या त्या कागदामुळे दुसऱ्या ठिकाणी बोलण्याची सुरुवातच बदलली.

इथे एक धोकाही आहे. कोड म्हणजे निदान नव्हे, ती नुसती तक्रार आहे. पोट दुखतंय असं मूल सांगतं, पण ते कशानं दुखतंय हे त्यावरून कळत नाही. पी ०१७१ हा कोड घ्या. त्याचा अर्थ, इंजिनात हवा जास्त आणि इंधन कमी पडतंय. याचं कारण एखादी फाटकी नळी असेल, मळलेला सेन्सर असेल, थकलेला पेट्रोल पंप असेल. कोड बघून कुणी सरळ "ऑक्सिजन सेन्सर बदला" म्हणालं, तर हजारो रुपये जाऊन दिवा पुन्हा लागायचा. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही किंवा इंधन नीट जळत नाही. तिथे चांगला मेकॅनिक पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्याला लावून बघतो. कोड बदलून पी ०३०२ झाला तर दोष कॉइलचा, नाहीतर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा. अशी खात्री करून घेण्याची अक्कल यंत्रात नसते, ती माणसातच असते. म्हणून आपला प्रश्न हवा, "दादा, हा कोड का आला? पार्ट बदलायच्या आधी तुम्ही काय तपासलं?"

आणि सगळे गॅरेजवाले लुटारू, असंही मला म्हणायचं नाही. उलट रस्त्याकडेच्या आपल्या मेकॅनिकवर फार मोठा अन्याय झालेला आहे. गाडीच्या तपासणीची खास यंत्रं आणि अस्सल पार्ट कंपन्या फक्त आपल्या अधिकृत सेंटरांना द्यायच्या, बाहेरच्यांना द्यायच्या नाहीत. याविरुद्ध एका ग्राहकानं २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला आणि पार्ट व तपासणीची साधनं खुल्या बाजारात उपलब्ध करा, असं बजावलं. पुढे अपिलं झाली, कोर्टकज्जे झाले. पण मुद्दा सरकारदरबारी मान्य झाला की गाडी एकदा विकली की तिची माहिती मालकापासून आणि त्याच्या मेकॅनिकपासून दडवणं बरोबर नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढलं. त्यात मोटारींचा समावेश आहे. तेव्हा आपला स्कॅनर हा मेकॅनिकवर पाळत ठेवायला नाही, तो त्यालाही उपयोगी आहे.

आता घ्यायचा कोणता? बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. पहिला, काडेपेटीएवढा तुकडा. तो सॉकेटात बसतो आणि ब्लूटूथनं मोबाईलशी बोलतो. काही शे रुपयांपासून मिळतो. यातला बराच माल 'ईएलएम ३२७' नावाच्या चिपच्या नकलेवर चालतो. काही नकला चांगल्या चालतात, काही गाडीला ओळखतच नाहीत. म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्यावा. आयफोन असेल तर तो तुकडा आयफोनवर चालतो का, हे आधी विचारावं, कारण साधे ब्लूटूथवाले त्यावर चालत नाहीत. दुसरा प्रकार, स्वतःचा पडदा आणि वायर असलेलं हातातलं यंत्र. हे थोडं महाग, पण मोबाईल, अॅप, पासवर्ड असली भानगड नाही. तिसरा, गॅरेजवाल्यांचा. तो एबीएस आणि एअरबॅगचेही कोड वाचतो, पण त्याची किंमत घरगुती वापराला परवडणारी नाही.

मला विचाराल तर घरासाठी दुसरा प्रकार सगळ्यात बरा, कारण तो सासूबाईही वापरू शकतात आणि मुलीही. मोबाईलवालाच घ्यायचा असेल तर एक काळजी घ्या. गाडीचा कोड वाचायला अॅपला आपल्या फोनमधले नंबर आणि फोटो कशाला हवेत? मागितले तर नाही म्हणा. आणि काम झालं की तुकडा काढून ठेवा. त्या सॉकेटात कायम वीज असते, आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

घेताना चार गोष्टी बघाव्यात. कोड नुसता वाचतो की त्याचा अर्थही दाखवतो? दिवा लागला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचं तापमान काय होतं, ही नोंद दाखवतो का? गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात की अपुऱ्या आहेत, हे सांगतो का? आणि चालत्या गाडीचे आकडे, म्हणजे पाण्याचं तापमान, बॅटरीचे व्होल्ट, दाखवतो का? हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, घाट चढताना, आधीच कळलेलं बरं! मात्र हे आकडे शेजारी बसलेल्यानं बघायचे, चालवणारीनं नाही.

तिसरा मुद्दा सेकंडहँड गाडी घेताना सोन्यासारखा आहे. गाडी विकायच्या आधी काही जण दिव्याचा कोड पुसून टाकतात. दिवा विझतो, गाडी देखणी दिसते. पण कोड पुसला की गाडीच्या तपासण्याही पहिल्यापासून सुरू होतात आणि स्कॅनरवर त्या अपुऱ्या दिसतात. बॅटरी काढून लावली तरी असंच होतं, म्हणून लगेच आरोप करू नये. आठवडाभर गाडी फिरवून पुन्हा दाखवा म्हणावं. खरा विकणारा तयार होतो.

आपणही कोड पुसायची घाई कधी करू नये. आधी कोड लिहून घ्या, पडद्याचा फोटो काढा, मगच गाडी गॅरेजला न्या. पुसला की मेकॅनिकचा मागच हरवतो. ताप उतरवायची गोळी घेऊन डॉक्टरकडे जाण्यासारखं आहे ते.

आणि काही दिव्यांपुढे स्कॅनर काढायचाच नाही. तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. तो लुकलुकत असेल तर थांबायचं, कारण न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं आणि तो फार महाग पार्ट आहे. ब्रेकचे पॅड झिजले, टायर गुळगुळीत झाले, हे तर साधा स्कॅनर सांगतच नाही. तिथे आपले डोळेच लागतात.

"घरचं, दारचं, पोरांचं बघायचं आणि आता गाडीचंही आम्हीच?" असं काही जणी म्हणतील. खरंय, कामाची ओझी आपल्यावर कमी नाहीत. पण गाडीची काळजी आपल्याला आजही आहेच. फरक एवढाच, की आज ती अंधारातली काळजी आहे. गाडी बंद पडली की रस्त्यावर आपणच उभ्या असतो, आणि दुरुस्तीचे पैसे शेवटी आपल्याच महिन्याच्या खर्चातून निघतात. ज्याचे पैसे आपण मोजतो त्याबद्दल विचारणं हे जास्तीचं काम नव्हे, तो हक्क आहे. बिलात खोट वाटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबरही आहे.

प्रत्येकीनं यंत्र घ्यावं, असंही नाही. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर लगेच गरज नाही. आपले बचत गट पिठाची गिरणी घेतात, शेवयांचं मशीन घेतात, तर पाच-सहा घरांत मिळून एक स्कॅनर का नको? सोबत एक वही ठेवा. तारीख, गाडीचे किलोमीटर, कोड, काय केलं आणि किती पैसे गेले, एवढंच लिहा. दोन वर्षांत ती वही कुठल्याही यंत्रापेक्षा शहाणी होईल. गावातल्या एखाद्या भल्या मेकॅनिकला रविवारी चहाला बोलवा आणि बॉनेट उघडून दाखवायला सांगा. आनंदानं दाखवील. कारण प्रश्न विचारणारी गिऱ्हाईक चांगल्या कारागिराला आवडते, ती नको असते फक्त लबाडाला!