रंग नंतर, आधी ओल!

भाडेकरूने फ्लॅट सोडला की मालकाचा पहिला फोन जातो पेंटरला. बॉस, जरा थांबा! भिंतीत ओल असेल तर महागडं इमल्शनही पोपडे धरणारच. माझ्या वन बीएचकेसाठी माझा साधा रूल आहे: आधी पाण्याचा उगम शोधायचा, मगच शेडकार्ड उघडायचं.

रिकाम्या फ्लॅटमध्येही ओल वाढतेय? मग बहुतेक भिंतीतली लाइन गळतेय. बाथरूम वापरल्यावरच वाढते? मग संशय नहाणी ट्रॅपवर, नाहीतर टाइल्सच्या फटींवर. खात्री करायचीय? ट्रॅपला बोळा लावा, इंचभर पाणी २४ तास तुंबवा आणि खालच्या काकांना छताकडे लक्ष ठेवायला सांगा. फटींमध्ये व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घ्या आणि भिंत पूर्ण सुकू द्या.

खर्चाचं टेन्शन? म्युनिसिपल टॅक्स वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळतेच. दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत.

रंगाखाली ओल झाकून फ्लॅट दिलात, तर पहिल्याच पावसात नवा भाडेकरू डिपॉझिट परत मागेल. आणि खरं सांगू? त्याचं काहीच चुकत नसेल!